जरा दम लागतो

दिवा (पूर्व)
१० जून २०२४

ती. विनिताबाईंना,
साष्टांग नमस्कार.

मी सुदेश घाग. नववी ब, खिडकीजवळचा तिसरा बाक. महिन्यातून दोनदा रक्त चढवायला जायचो आणि विज्ञानाचा तास बुडायचा, म्हणून तुम्ही बुडलेला धडा पोस्टाने घरी पाठवायच्या. आता मी छत्तीस वर्षांचा आहे. थॅलेसेमियाचं पोर पंधरा वर्षं जगलं तरी पुष्कळ, असं ज्या डॉक्टरांनी आईला सांगितलेलं ते स्वतः गेले. मी वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपला क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दिवसभर व्हर्नियर घेऊन दुसऱ्यांच्या चुका मोजतो. ही विद्या तुमच्याकडचीच.

तुम्हाला फोन केलेला. शेजारच्या ताईंनी उचलला, म्हणाल्या, बाई फोनवर बोलत नाहीत, पत्र लिहा.

काम असं आहे. गेलं वर्षभर जिना चढताना जरा दम लागतो. अंगातलं रक्त उतरलं की लागतोच, त्यात नवीन काही नाही. पण ठाण्याच्या हॉस्पिटलातल्या आमच्या डॉक्टर कल्पिता म्हात्रे मॅडमनी हृदयाची इको काढायला लावली. म्हणाल्या, हृदयाकडून फुप्फुसांत जाणाऱ्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतोय. मोठ्या वयाच्या थॅलेसेमिया पेशंटमध्ये होतं म्हणे, त्यात माझी पांथरी, म्हणजे प्लीहा, लहानपणीच काढलेली. त्या आता एक अभ्यास करतायत. ग्लुटामिन नावाच्या अमिनो आम्लाची पावडर बारा आठवडे रोज पाण्यातून घ्यायची. आधी इको, नंतर इको. चाळीस पेशंट हवेत. महिनाअखेरीस हो की नाही ते सांगायचंय.

सोबत माहितीपत्रकाची झेरॉक्स जोडलीय. तीनदा वाचलं, कळलं नाही. तुम्ही रसायनशास्त्राच्या, म्हणून विचारतो. यात काही दम आहे का?

तुमचा विद्यार्थी,
सुदेश


नौपाडा, ठाणे
१६ जून २०२४

चि. सुदेश,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं, आणि जे ऐकू येतं ते ऐकण्यासारखं नसतं. पत्र लिहिलंस ते बरं केलंस.

आधी त्या माहितीपत्रकाबद्दल. हे मराठी ज्या कुणी लिहिलं त्याला मातृभाषा नसावी, किंवा माता आणि भाषा दोन्हींवर त्याचा राग असावा. ‘सदर अन्वेषणात्मक उत्पादनाच्या सेवनाने सहभागी विषयास प्रत्यक्ष लाभ संभवेलच असे नाही.’ तू विषय कधीपासून झालास? भूगोल हा विषय असतो, नागरिकशास्त्र हा विषय असतो. मी लाल पेन घेऊन बसले आणि दुसऱ्या पानावर पेन संपलं.

आता पावडर. ग्लुटामिन म्हणजे काही स्वर्गातून आलेलं अमृत नव्हे. ते तुझ्या डाळीत आहे, दुधात आहे, अंड्यात आहे, तुझं शरीर स्वतःही ते बनवतं. या मंडळींचं म्हणणं असं: तुझ्या तांबड्या पेशी फुटतात, त्यातून सांडलेलं हिमोग्लोबिन रक्तातला नायट्रिक ऑक्साइड वायू खाऊन टाकतं. हा वायू रक्तवाहिन्यांना सैल करतो. तो कमी पडला की त्या आवळतात आणि दाब वाढतो. हा वायू शरीर आर्जिनिनपासून बनवतं आणि आर्जिनिन ग्लुटामिनपासून. तेव्हा वरून ग्लुटामिन ओता, खालून दाब उतरेल. साखळी कागदावर सुंदर दिसते. कागदावर पाऱ्याचं सोनंसुद्धा झालेलं आहे.

तुझ्या डॉक्टरीणबाईंना चार प्रश्न विचार. चाळीसच माणसं का? बाराच आठवडे का? सगळ्यांनाच पावडर, मग पावडर न घेणारे कुठे आहेत, तुलना कुणाशी करणार? आणि दाब उतरलाच तर तो पावडरीने उतरला हे कशावरून? या चारांची उत्तरं नसतील तर याला अभ्यास म्हणू नये, भिशी म्हणावं.

मी तुम्हां पोरांना एकच गोष्ट शिकवली होती: पुरावा माग. छत्तीस वर्षांचा झालास तरी ती लागू आहे.

विनिता करंदीकर


दिवा
२ जुलै २०२४

ती. बाईंना नमस्कार.

तुमचं पत्र मी वर्कशॉपात जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं. ‘भिशी’ला सगळे खो खो हसले. आमचा फोरमन भाऊ म्हणाला, ही बाई आपल्याकडे क्वालिटीला पाहिजे होती, निम्मा माल परत गेला असता.

काल म्हात्रे मॅडमना नाही म्हणून आलो. तुमचे चार प्रश्न पाठ केलेले, घडाघडा म्हणून दाखवले. भिशीसुद्धा म्हटलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी प्रश्न फाइलमध्ये लिहून घेतले आणि म्हणाल्या, “प्रश्न तुमचे आहेत का?” मी म्हटलं, माझ्या बाईंचे. त्या म्हणाल्या, “बरं. अभ्यासात येऊ नका, हरकत नाही. पण इको परत काढायलाच लागेल आणि रक्त तीन आठवड्यांच्या वर लांबवायचं नाही.” बाहेर अजून तिघे बसलेले, त्यांनी माझं ऐकलं आणि त्यातले दोघे उठून गेले. मला जरा नेता झाल्यासारखं वाटलं.

सध्या वर्कशॉपात ओव्हरटाइम आहे, रेल्वेची ऑर्डर आलीय. त्यामुळे रक्ताची तारीख थोडी पुढे ढकललीय. बाकी ठीक. स्टेशनाचा पूल चढताना दोनदा थांबतो, त्या निमित्ताने दिवा बघून होतं. बघण्यासारखं काही नाही.

सुदेश


नौपाडा
८ जुलै २०२४

चि. सुदेश,
शाबास.

‘प्रश्न तुमचे आहेत का?’ म्हणे. प्रश्न कुणाचा आहे यावरून उत्तर ठरत असेल तर ते वैद्यक नव्हे, ते नगरपालिकेचं टेबल झालं. फाइलमध्ये लिहून घेणं ही उत्तर नसलेल्या माणसाची जुनी युक्ती आहे. मी चौतीस वर्षं शिक्षण खात्याबरोबर काढली, मला ती ओळखू येते.

दोघे उठून गेले हे वाचून फार समाधान वाटलं. माझ्या शिकवण्याचा परिणाम वीस वर्षांनी आणि तोही हॉस्पिटलच्या बाकावर दिसेल असं वाटलं नव्हतं.

‘झालीय, गेलीय, ढकललीय’ हे लिहिताना चालत नाही. बोलताना काय वाटेल ते बोल.

विनिता करंदीकर


दिवा
२० ऑगस्ट २०२४

ती. बाईंना नमस्कार.

मध्ये लिहायला वेळ झाला नाही. आज एक शंका आहे, माझी नाही. आमच्या वर्कशॉपला दगडू म्हणून एकजण आहे. त्यालाही दम लागतो. त्याला कुणी तरी अमिनो आम्लांची पावडर घ्यायला सांगितली आहे. ग्लुटामिन आणि आर्जिनिन दोन्ही एकत्र असतात. असं चालतं का?

पावडर कुठली तेही सांगतो म्हणजे तुम्हाला मजा वाटेल. आमच्या बिल्डिंगखाली विकीने जिम काढली आहे. इथल्या गावातलाच, आजोबा मिठागरात राबायचे, नातवाच्या तीन बिल्डिंगा आहेत. दंडावर ‘आई’ गोंदवलं आहे आणि आईला हाक मारतो ‘ए म्हातारे’. जिमच्या कोपऱ्यात पावडरींचं दुकान. डबे एवढाले की आत माणूस बसेल. मी, म्हणजे दगडूने विचारलं तर म्हणतो, “भाई, अमिनो म्हणजे अमिनो. हॉस्पिटलवालं आणि माझं सेम. त्यांचं सफेद, माझं मँगो.”

दगडू घ्यावी की नको या विचारात आहे. तुमचं मत कळवा, त्याला सांगतो.

सुदेश


नौपाडा
२७ ऑगस्ट २०२४

चि. सुदेश,
अनेक आशीर्वाद.

त्या दगडूला सांग, आईवडिलांनी नाव विचार करून ठेवलेलं दिसतं.

ज्या माणसाला दंड आणि मेंदू यांतला फरक ठाऊक नाही त्याच्याकडून औषध घ्यायचं असेल तर खुशाल घे म्हणावं. मँगो! निदान केसर तरी म्हणायचं होतं. जो आपल्या आईला ‘ए म्हातारे’ म्हणतो त्याने डब्यात काय भरलं असेल ते देवाला आणि त्या डब्याला ठाऊक. अशी पावडर खाणाऱ्याला मूर्ख म्हणणं हा मूर्खांचा अपमान होईल. मूर्ख निदान बिनपैशाचा असतो.

आर्जिनिन-ग्लुटामिनचं रसायनशास्त्र मी दगडूसाठी वाया घालवणार नाही. तू त्याच्या नादी लागू नकोस. तुला शहाणा समजते.

या वेळी एकही ‘झालीय’ नाही. प्रगती आहे.

विनिता करंदीकर


दिवा
१९ सप्टेंबर

करंदीकर बाईंना मालन घागचा नमस्कार.

मी सुदेशची आई. माझी शाळा सातवीपर्यंत, चुकलं तर समजून घ्या.

सुदेश गेल्या गुरुवारी वर्कशॉपात पडला. स्टोअरच्या लोखंडी जिन्यावरून खाली आला. डोक्याला चार टाके पडले, पण ते काही नाही. त्याचं हृदय वेडंवाकडं धावत होतं. भाऊ फोरमन त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेले. चार दिवस आयसीयूत होता. आता वॉर्डात आणलाय. बोलतो.

डॉक्टर कल्पिता मॅडमनी विचारलं, काय काय खातो ते सगळं घेऊन या. मी पावडरीचा डबा नेला. तीन आठवडे दोन-दोन चमचे घेत होता. मॅडमनी डबा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, अहो यात लोह आहे. ज्याच्या अंगात लोह साठतं म्हणून लहानपणापासून औषध देऊन ते काढतोय, त्यालाच लोह. शिवाय क जीवनसत्त्व भरपूर, ते म्हणे साठलेलं लोह ढवळून हृदयात आणतं. आणि वर कॉफीचा अर्क. रक्त पण सहा आठवडे घेतलं नव्हतं. मला म्हणाला होता, घेऊन आलो.

विकी आला होता. वॉर्डाच्या बाहेर उभा राहून रडत होता. मी त्याला दोन शब्द बोलले, जास्त नाही. त्याला अक्षरओळख आहे पण वाचत नाही.

तुमची पत्रं सुदेशच्या डब्याच्या पिशवीत सापडली. मी वाचली, माफ करा. तुम्ही त्याला हसवलंत, फार दिवसांनी तो घरात हसत होता. त्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण एक सांगते. पावडरीचा डबा आमच्या फळीवर उघडा होता, मिठाच्या शेजारी. माझ्यापासून त्याने लपवला नव्हता. तुमच्यापासून लपवला.

मालन


नौपाडा
२९ सप्टेंबर २०२४

चि. सुदेश,

तुझ्या आईचं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. तू झोपला होतास. मी तुझ्या खाटेशी गेले नाही. डॉक्टर म्हात्रेंकडे गेले, आणि खरं सांगते, भांडायला गेले. सापडलेल्या अपराध्याचा पहिला उद्योग दुसरा अपराधी शोधणं हाच असतो.

बाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्याच वयाच्या. पायात साध्या चपला, टेबलावर अर्धवट खाल्लेला वडापाव. मी नाव सांगितल्यावर त्यांनी तुझी फाइल उघडली आणि माझे चार प्रश्न मलाच वाचून दाखवले. म्हणाल्या, “प्रश्न चारही चांगले होते. आमच्या समितीनेही हेच विचारलेले. मोठा अभ्यास मागायला गेलं की विचारतात, आधी लहान केलात का? म्हणून चाळीस, म्हणून बारा आठवडे. यातून काही सिद्ध होणार नाही हे मला ठाऊक आहे. पुढे विचारण्यासारखं काही आहे का, एवढंच कळणार. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं असतं. पण तुम्ही प्रश्न त्याच्याकडे पाठवलेत. माझ्याकडे पाठवायचे होते.”

मी म्हटलं, पावडरीचा उपयोग झालाच असता असं थोडंच आहे.

“नसेल झाला,” त्या म्हणाल्या. “पण दर पंधरा दिवसांनी मी त्याला समोर बसवून तपासलं असतं. रक्त लांबवलंय हे पहिल्याच खेपेला कळलं असतं.”

मी त्यांना ‘बरोबर आहे’ म्हणाले. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

आता तुला एक सांगते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला तेव्हा सासूबाईंनी एका वैदूकडून भस्म आणलं. मी रसायनशास्त्राची बाई, घरात शांतता राहावी म्हणून गप्प बसले. रोज मधात कालवून मीच द्यायचे. हे गेल्यावर उरलेली पुडी शाळेच्या प्रयोगशाळेत नेली, नायट्रिक आम्लात विरघळवली आणि पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले. परीक्षानळीत पिवळाधमक साका बसला. शिसं होतं. नळी धुतली आणि पुढच्या तासाला वर्गात गेले.

तेव्हा गप्प बसले, म्हणून पुढे वीस-बावीस वर्षं ज्याच्यात्याच्यावर तोंड सोडत आले. गप्प बसून एक माणूस घालवला, आणि बोलून दुसरा घालवत होते. आपण फार हुशार आहोत असा माझा समज होता.

मला क्षमा कर.

विनिता करंदीकर


दिवा
१४ ऑक्टोबर २०२४

बाई,

तुमची माफी मिळाली. परत पाठवतोय.

आठवडाभर वॉर्डात पडून होतो, करायला दुसरं काही नव्हतं, तेव्हा तुमची पहिली तीन पत्रं परत वाचली. त्यात माहितीपत्रक आहे, मॅडम आहेत, शिक्षण खातं आहे, विकीचे दंड आहेत, माझे ‘झालीय-गेलीय’ आहेत. मी पहिल्याच पत्रात लिहिलेलं, जरा दम लागतो. दुसऱ्यात लिहिलेलं, पुलावर दोनदा थांबतो. त्यावर तुमची एक ओळ नाही. मी म्हटलं दम लागतो, आणि तुम्ही मला दम दिलात.

चौथ्या पत्रात तर मी आयसीयूतून आलेलो. त्यातसुद्धा तुम्ही कशा आहात ते आहे. मी कसा आहे ते नाही.

दगडू नावाचा कुणी नाही हे तुम्हाला कळलंच असेल. आता माझंही ऐका, मी काही साधा नाही. मॅडमना मी नाही म्हणालो ते पुराव्यासाठी नव्हे. तुमच्या ‘शाबास’साठी. छत्तीस वर्षांचा घोडा, आणि बाई काय म्हणतील म्हणून आपल्या हृदयाचा निकाल लावून आलो. वर दोघांना घेऊन बुडालो. त्यांना मी गेल्या आठवड्यात शोधून काढलं, मॅडमकडे परत पाठवलं. एकाने मला शिव्या घातल्या. बरोबर घातल्या.

पण एक गोष्ट तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो. त्या दिवशी शूर होऊन घरी आलो तेव्हा हातात काही नव्हतं. तुमचा प्रश्न अगदी बरोबर होता, पण तो पाण्यात ढवळून पिता येत नाही. जिना होता तेवढाच होता. पुरावा माग म्हणून सांगायला नौपाड्यातली खुर्ची चांगली असते. ज्याला लहानपणापासून उद्याचीच खात्री नाही त्याला पुरावा येईपर्यंतही काहीतरी लागतं. मूर्खपणाचं का असेना.

आणि तो विकी. गाढव आहे, यात शंका नाही. पण मी जिमच्या दारात टेकलो तेव्हा त्याने काय म्हटलं माहितेय? “भाई, दम लागलाय का? बस.” आणि खुर्ची दिली. तुमच्या सगळ्या हुशारीत ती खुर्ची कुठे होती?

गळ्याच्या शिरेतून नळी घालून दाब मोजला. वाढलेलाच आहे. आता त्याची गोळी चालू झालीय, रक्त दर तीन आठवड्यांनी. ‘झालीय’ तसंच ठेवलंय.

सुदेश


नौपाडा
२० ऑक्टोबर २०२४

सुदेश,

कसा आहेस?

पूल चढताना कितव्या पायरीला थांबावं लागतं? आडवा झालास की श्वास अडतो का, उशा किती लागतात? संध्याकाळी पाय सुजतात का? टाके काढले का? आई जेवते ना वेळेवर? तुझ्या पत्राला एवढंच उत्तर आहे. बाकी तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, त्यावर मला काही लिहायचं नाही.

म्हात्रेबाई म्हणाल्या, एवढी नावं ठेवता तर माहितीपत्रक तुम्हीच मराठीत लिहून द्या. पहिल्या तुकडीतले बरेच लोक न कळल्यामुळेच परत गेले म्हणे. मी लिहून दिलं. सुरुवात अशी आहे: ‘ही पावडर घेऊन तुमचा दाब उतरेल की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही. ते शोधायला तुमची मदत हवी आहे.’ दुसरी तुकडी जानेवारीत सुरू होईल. तुझी गोळी तीन महिने एकसारखी चालू राहिली तरच तुला घेता येईल, असं त्या म्हणाल्या. हो म्हण किंवा नाही म्हण. मी मत देणार नाही. मत देण्याची सवय सुटायला वेळ लागतो आहे.

तुला रक्त चढवतात त्या गुरुवारी मी येऊन बसेन. नको असेल तर कळव. कळवलं नाहीस तर येणारच.

विनिता करंदीकर


दिवा
२२ एप्रिल २०२५

ती. बाईंना नमस्कार.

समोर असता तेव्हा तुमच्याशी एवढ्या मोठ्याने बोलावं लागतं की अख्ख्या वॉर्डला माझी इको पाठ झालीय. म्हणून हे पत्र.

बारा आठवडे झाले. पावडरीला चव कसलीच नाही. एवढे फाटे फोडून माणसाने घ्यावं आणि चव साध्या पाण्याची, हा मला पहिल्या दिवसापासून अपमान वाटत आलाय. विकीने आता दुकानात पाटी लावलीय, ‘आजारी माणसाने डाक्टरला विच्यारून घेने’. तुम्ही बघू नका, तुम्हाला त्रास होईल. पण डब्यामागचं वाचून दाखवतो म्हणे गिऱ्हाइकाला. बोट लावून वाचतो.

काल इको झाली. आधी दाबाचा आकडा अठ्ठावन्न होता, आता एकोणपन्नास आलाय. मॅडमना विचारलं, पावडरीने का? त्या म्हणाल्या, “गोळी चालू आहे, रक्त वेळेवर घेताय, लोह उतरतंय, आणि पावडर. कशाने किती, हे तुमच्या एकट्याच्या आकड्यावरून मी सांगू शकत नाही. कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.” आई म्हणते, गुहागरच्या देवीने. मी म्हटलं, देवी बारा आठवडे थांबली कशाला?

पूल एका दमात चढतो असं नाही. पण थांबतो तो एकदाच, आणि थांबलो तर आता बसतो. लाज वाटत नाही.

दुसरी गोष्ट. पलीकडच्या खाटेवरची सरोज, डोंबिवलीची, जिला तुम्ही शब्दकोडं सोडवायला मदत करता. तिचा आकडा वाढलाय. तीच पावडर, तेवढेच आठवडे, रक्तही वेळेवर. ती मला म्हणाली, “तुझं अभिनंदन,” आणि तिकडे तोंड करून झोपली. मला आनंद करायचाही संकोच वाटतोय.

सुदेश


नौपाडा
२८ एप्रिल २०२५

चि. सुदेश,
अनेक आशीर्वाद.

एका माणसाच्या एका आकड्याने काहीही सिद्ध होत नाही. इको मोजणाऱ्याचा हात इकडचा तिकडे झाला तरी दोन-चारांचा फरक पडतो. गोळी, रक्त आणि पावडर तिन्ही एकदम चालू असताना श्रेय वाटत बसणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. हे सगळं मी तुला नववीत शिकवलेलं आहे आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

तुझं पत्र वाचून झालं, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरून पाव किलो पेढे घेऊन आले. शेजारच्या ताईंचं दार वाजवलं. त्या म्हणाल्या, “अगंबाई, काय झालं?”

म्हटलं, “नऊ उतरले.”

“काय उतरले?”

“दाब. सुदेशचा.”

“कशाने हो?”

“ठाऊक नाही.”

“मग पेढे कसले?”

हा प्रश्न मी जन्मभर लोकांना विचारत आले. नवसाला, अंगाऱ्याला, नारळाला, निकालाला. आज तोच माझ्या दारात उभा होता आणि प्रश्न बरोबरच होता. मी म्हटलं, “तोंड उघडा आणि खा.”

गुरुवारी मी तुझ्या खाटेशी बसणार नाही. सरोजकडे बसेन. तिला काय सांगायचं ते मला माहीत नाही, म्हणून काही सांगणार नाही. तिला बोलावंसं वाटलं तर ऐकेन. कानाला नवं यंत्र बसवून घेतलं आहे, त्याच्यासाठी. तू तुझं वर्तमानपत्र वाच, आणि तिच्यासमोर पेढ्यांचा शब्द काढू नकोस.

विनिता करंदीकर